संबलपूरपर्यंतची गोष्ट

"एकदा काय झालं," मी म्हणाले, आणि तिसऱ्या ओळीतल्या रेवंतानं दोन्ही कानांत बोटं घातली.

हे रोजचंच होतं. बाकीची तीस पोरं बस्करावरून सरकत सरकत माझ्या पायाशी यायची. ही एकटी जागेवर, डोळे मिटून, ओठ आवळून, कोणीतरी शेजारी फटाक्यांची माळ लावल्यासारखी. मी बोलायची थांबले की एक डोळा किलकिला करून माझ्या ओठांकडे बघायची. गोष्ट संपल्याची खात्री पटली की बोटं बाहेर. मग "सात अठ्ठे?" विचारलं की ताडकन "छप्पन!" पाढे चालायचे, शुद्धलेखन चालायचं, कविता तर सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणायची. फक्त गोष्ट चालायची नाही.

आणि माझ्या वर्गात तर सगळं गोष्टीवरच चालायचं. आता करायचं काय?

मी मूळची फलटणची. डी.एड. झाले आणि नेमणूक मिळाली ती थेट भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पुढं, हमरस्त्यापासून अर्ध्या मैलावरच्या बेलटोल्याला. साल शहाऐंशी. आईनं नकाशात गाव शोधलं, सापडलं नाही, तेव्हा ती रडली. मी ट्रंक भरून निघाले, चोवीस वर्षांची, जगाला शहाणं करायला. पहिल्याच आठवड्यात कळलं की चौथीच्या पोरांना भागाकार म्हणजे भुताटकी वाटते. मग मी तीन चोर काढले, त्यांनी सतरा कोंबड्या चोरल्या, आणि वाटणी करताना उरलेल्या दोन कोंबड्यांवरून त्यांची जुंपली. बाकी म्हणजे काय हे वर्गाला त्या दिवशी कळलं, ते कायमचं. तिथून मी सुटलेच. अपूर्णांक गोष्टीत, दिशा गोष्टीत, लिटर-मिलिलिटर गोष्टीत. पोरं खूष, मी खूष. आणि रेवंताची पाटी कोरी, कारण गोष्टीतून जे जे आलं ते सगळं तिच्या बोटांच्या पलीकडंच राहिलं.

डिसेंबरात टेंभुर्णे गुरुजींनी मला बोलावलं. ते मुख्याध्यापक, दोन खोल्यांच्या शाळेचे. शांत माणूस, सुपारी कातरत बोलायचे.

"बाई, गटसंमेलन आपल्याकडं आहे. महिन्यानं, बुधवारी. अकरा शाळांचे मास्तर येतील, विस्तार अधिकारी बावनकर साहेब येतील. नमुना पाठ तुमचा. गोष्टीतून शिक्षण."

मी फुलून गेले.

"फक्त एक करा. त्या दिवशी ती रेवंता कापगते घरी राहू द्या."

"का म्हणून?"

"साहेबांपुढं एक पोरगी कानांत बोटं घालून बसली तर काय शोभा राहील? साहेब कडक आहेत. वरून म्हणतील, यांच्या गोष्टी पोरांना सोसवत नाहीत."

"गुरुजी, एक पोर ऐकत नाही आणि तिला लपवून मी नमुना दाखवू? मग तो नमुना कसला?"

माझी जीभ अशी पुढं धावते आणि मी मागून पोचते. गुरुजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मग महिना आहे तुमच्याकडं," म्हणाले. "ऐकायला लावा तिला. नाही जमलं तर घरी."

झालं! एका पोरीच्या दोन बोटांवर माझं सगळं येऊन अडकलं. पण खरं सांगते, संमेलनापेक्षाही मला खाजच सुटली होती. का? एवढी हुशार पोर गोष्टीला का भिते? जगात असं मूल असतं का?

आधी वाटलं, कान दुखत असेल. मी तिला खिडकीशी नेऊन दोन्ही कान तपासले. चकचकीत. मग वाटलं, माझा आवाज कर्कश असेल. कुजबुजून सांगून पाहिलं, तर मागच्या रांगेतून ओरडा आणि हिची बोटं होती तिथंच. शेवटी एक अख्खी गोष्ट कागदावर लिहून तिच्या हातात ठेवली. तिनं घडी घातली, दप्तरात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिली.

"वाचलीस?"

"हो बाई. मस्त हाय. दिवा लागल्यावर वाचली."

"मग मी सांगते तेव्हा काय होतं गं तुला?"

लगेच ओठ आवळले. जसं काही मी चोरीचा माल कुठं ठेवला ते विचारत होते.

तिची आई खळ्यावर धान पाखडत होती, तिथं गेले. रेवंताचे वडील ती दोन वर्षांची असताना वारले. तेव्हापासून मायलेकी इथं, आईच्या माहेरी, मामाच्या घरात राहत. आईनं माझं ऐकून घेतलं आणि सूप थांबवून हसायलाच लागली.

"गोष्ट नाही आयकत? माजी पोरगी? अवो बाई, रात्री तिच्या आजीचं डोस्कं खाते. तीन-तीन गोष्टी झाल्याबिगर डोळा मिटत नाही तिचा."

मी परत आले ती दुप्पट चक्रावून. घरी हवी, शाळेत नको. लिहिलेली चालते, बोललेली चालत नाही. आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढ्यात कसं कळलं नाही? नाही कळलं! आमच्या फलटणला कोणी असलं काही पाळत नव्हतं, निदान माझ्या घरात तरी नाही.

उलगडा केला भोजराज गहाणेनं. हा माझ्या वर्गातला सगळ्यात आगाऊ कार्टा. मी मधल्या सुट्टीत सहज म्हटलं, "या रेवंताचं काय करावं काही समजत नाही बाबा," तर तो डोळे मोठे करून म्हणाला, "बाई, तुमाले माहीतच नाही?"

"काय?"

"दिवसा गोष्ट आयकली का मामा वाट भुलते."

"कोणाचा मामा?"

"जो आयकते त्याचा."

भोवती आठ-दहा पोरं जमली होती. सगळ्यांनी माना हलवल्या. पृथ्वी गोल आहे म्हणावं इतक्या सहज.

"अरे, मग तुम्ही सगळे कसे ऐकता? तुम्हाला मामा नाहीत?"

"माजा मामा गावातच हाय," एक जण म्हणाला. "भुलून भुलून कुठी जाईल?"

"माजा तं तसाही रोज संध्याकाळी भुलते. दोघं जन धरून आनतात."

"माज्या मामानं माज्या मायचं शेत खाल्लं," शेवटी भोजराज म्हणाला. "म्हनून मी दोन्ही कानांनी आयकतो."

मी हसून हसून पायरीवर बसले. आणि मग हसू हळूहळू ओसरलं, कारण मागे एक पोरगी हळूच म्हणाली, "रेवंताचा मामा डायवर हाय ना बाई. टरकवर."

दुधराम त्याचं नाव. नागपुरात संत्री भरायची, कलकत्त्याला न्यायची, येताना गिरण्यांसाठी पोत्यांचा बारदाना आणायचा. महिन्यातले वीस-बावीस दिवस हा माणूस वाटेवरच असायचा. बेलटोल्याच्या फाट्यावरून गाडी जायची तेव्हा तीनदा भोंगा वाजवायचा आणि रेवंता भर वर्गातून उठून दाराशी पळायची. ते मी पाहिलं होतं. पण त्याचा आणि बोटांचा संबंध मी कशाला लावतेय!

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? चार दिवस विचार केला असता. मी केलं भाषण. सोमवारी वर्गात उभी राहिले आणि अंधश्रद्धा म्हणजे काय, विज्ञान म्हणजे काय, माणूस चंद्रावर कसा गेला, सगळं सांगितलं. पोरांनी शांतपणे ऐकलं. भोजराजनं विचारलं, "बाई, चंद्रावर गेला त्याले भाचे होते का?" मी तिकडं दुर्लक्ष केलं. रेवंतापुढं जाऊन बसले, तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि घट्ट धरून म्हणाले, "एकदा काय झालं."

तिनं हात ओढून पाहिले. मी सोडले नाहीत.

"एक होती सासू. तिच्या घरी गुळाची अख्खी ढेप आली. तिला होत्या तीन सुना. थोरलीनं रात्री चोरून अर्धी ढेप खाल्ली..."

आधी तिनं मान फिरवली. मग डोळे मिटले. मधलीनं उरलेल्यातला अर्धा खाल्ला तेव्हा एक डोळा उघडला. धाकटी उठून अंधारात ढेपेकडं निघाली तेव्हा दोन्ही डोळे उघडे होते आणि तिचे हात माझ्या हातांत ढिले पडले होते. गोष्ट संपली, मी विचारलं, "किती उरली?" आणि सगळ्यांच्या आधी रेवंता म्हणाली, "अष्टमांश. पन बाई, सासूनं ढेप आधी मोजली होती का?"

असला प्रश्न आजवर माझ्या वर्गात कोणी विचारला नव्हता. मी इतकी खूष झाले की घरमालकिणीला मी होऊन चहा करून दिला.

दुधराम गुरुवारी यायचा होता. भोंगा वाजला नाही.

शुक्रवारी रेवंता शाळेत आली नाही. शनिवारी नाही. आई म्हणाली, "फाट्यावर बसून रायते दिवसभर. उठवलं तं उठत नाही." सोमवारी शाळा सुटल्यावर मी तिकडं गेले. हमरस्त्याला चहाची टपरी होती, तिच्या बाकावर ती बसली होती. रायपूरकडून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचं तोंड ती बघायची, गेला की मान खाली.

मी शेजारी बसले. म्हटलं, "अगं, पंक्चर झालं असेल. रस्ता केवढा मोठा आहे."

आणखी एक ट्रक आला आणि गेला. तिनं मान खाली घातली.

"गोष्टीनं असं काही होत नसतं रेवंता."

"मी बोटं काढली नवती बाई," ती रस्त्याकडंच बघत म्हणाली. "तुमी काढली."

रागानं नव्हे हं. नुसतं सांगितलं, कोणी वेळ सांगावी तसं. चंद्रावर माणूस पाठवणारी मी, मंगळवारी शाळा भरण्याआधीच टपरीच्या त्या बाकावर तिच्या आधी जाऊन बसले होते. प्रत्येक ट्रकचं तोंड मीही बघत होते. मनात म्हणत होते, येऊ दे रे बाबा, एकदा सुखरूप येऊ दे, मी परत कोणाच्या कानाला हात लावणार नाही. टपरीवाला विचारी, "बाई, तुमचं कोन येनार हाय?" मी आणखी एक चहा मागायची.

बुधवारी दुपारी भोंगा वाजला. मी फळ्यावर लिहीत होते. खडू टाकला आणि धावले. अर्धी शाळा माझ्या मागे. फाट्यावर धुळीनं माखलेला ट्रक उभा, दार उघडं, आणि एक काळासावळा, दाढी वाढलेला माणूस रेवंताला कडेवर घेऊन उभा. नऊ वर्षांची घोडी ती, पण त्यानं लहान पोरासारखी उचलली होती.

मी त्याला बाजूला घेतलं. श्वास लागला होता. "दुधराम, मी रेवंताची बाई. एक काम करा. काय झालं ते नंतर सांगा, पण तिला एवढं सांगा की वाट चुकली नाही. गाडी बिघडली म्हणावं."

"गाडी बिघडली तं होतीच," तो म्हणाला. "चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. पन त्याच्या आंधी वाट बी भुललो ना बाई."

"भुललात?"

"संबलपूरच्या अलीकडं पूल खचला होता. सारा टिराफिक दुसऱ्या रस्त्यानं वळवला. बारा वर्साची डायवरी, कधी भुललो नाही. अन् ह्या खेपेले चाळीस किलोमीटर उलटा गेलो. तिथंच पाटा तुटला. जंगलात तीन दिवस."

माझा चेहरा बघून तो घाबरला. मग मी सगळं सांगितलं. बोटं, हात, सासू, ढेप. तो ऐकत राहिला आणि डोक्यावरचा रुमाल काढून त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे बापरे! ते तं मीच सांगतलं तिले."

"तुम्ही?"

"रातभर गाडी हाकलतो बाई. घरी येतो तं दिवसा झोप लागते. हे पोरगी छातीवर बसून म्हने, गोष्ट सांग, गोष्ट सांग. म्या म्हटलं, दिवसा गोष्ट आयकली का मामा वाट भुलते. माजी माय मले तसंच म्हने. मले वाटलं, पोरगी झोपू देईल." तो खाली बघून म्हणाला, "दोन वर्सं झाली. तेव्हापासून बोटं घालून बसते का ते?"

मी होय म्हटलं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो उगाच टायरला लाथ मारायला लागला.

"मग उद्या शाळेत या," मी म्हणाले. "दिवसा. आणि तुम्हीच गोष्ट सांगा. मामा समोर बसलाय म्हटल्यावर तो भुलेल कसा?"

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. रेवंता त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून शेजारी बसली. त्यानं खडू मागितला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत रस्ता काढला. साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, संबलपूर, केंवझर, खरगपूर, कलकत्ता. कुठं घाट, कुठं नाका, कुठला चहा पाणचट. मग खचलेला पूल आला, तो चुकलेला फाटा आला, रात्र, जंगल, तुटलेला पाटा. तीस पोरं त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पालथी पडली होती. "तासाला तीस किलोमीटरनं चाळीस किलोमीटर उलटा गेलो तं किती वेळ फुकट गेला?" असं त्यानं आपणहून विचारलं. मी शपथेवर सांगते, मी शिकवलं नव्हतं. आणि रेवंता ऐकत होती. एका हातात शर्ट, दुसरा हात खडूच्या रस्त्यावर.

सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "तू इथं हायस म्हनून ठीक. तू गेल्यावर?"

मी दुधरामकडं पाहिलं. त्यानं मान खाजवली.

"मंग तूच सांगत जा गोष्ट," तो म्हणाला. "वाट तं तुले आता माहीत झाली. तू बरोबर सांगजो, मी बरोबर जातो."

तिनं हे इतक्या गंभीरपणे ऐकलं की कोणाला हसायचं धाडस झालं नाही.

दुधराम शनिवारी नागपूरला गेला. सोमवारी सकाळी फाट्यावर तीन भोंगे वाजले, गाडी संत्री घेऊन पूर्वेकडं निघाली. रेवंता उठली, जमिनीवरच्या रस्त्यापाशी जाऊन उभी राहिली आणि मला न विचारता सुरू झाली, "एकदा काय झालं, माजा मामा निंगाला." देवरी झाली, राजनांदगाव झालं, रायपूर आलं, घंटा झाली, ती बसली. मंगळवारी रायपूरच्या पुढचं सांगितलं, सरायपालीला पोचली, घंटा झाली, बसली. मी मनात मांडे खाल्ले. बुधवारचा पाठ हाच! रेवंता सांगेल, मी मधे मधे गणितं घालेन, कलकत्त्याला पोचलो की फळ्यावर एकूण अंतर, एकूण वेळ, उत्तर चौकटीत. टेंभुर्णे गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांची सुपारी कातरायची थांबली. "ती? ती सांगणार?"

बुधवारी अकरा शाळांचे मास्तर भिंतीला टेकून बसले. बावनकर साहेब खुर्चीवर, मांडीवर वही. पन्नाशीचा, सुकलेला, चष्म्यावरून बघणारा माणूस. सबंध पाठात त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पण रेवंता! काय सांगू तुम्हाला! सरायपालीपासून तिनं गाडी अशी काढली की मास्तर लोक पुढं सरकले. चढावर गाडी तापली तेव्हा किती पाणी घातलं, शंभर पेट्यांतल्या किती संत्र्यांना ऊन लागलं, खचलेला पूल आता कितपत नीट झालाय. पोरं पाटीवर फटाफट उत्तरं लिहीत होती. गाडी संबलपूरला आली. ढाब्याशी लागली. मामानं खाट टाकली.

आणि रेवंता खाली बसली.

मी घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं शिल्लक. "रेवंता, पुढं सांग ना."

"झालं बाई."

"अगं, कलकत्ता राहिलं."

"ते उद्या-परवा."

फळ्यावर माझी रिकामी चौकट माझ्याकडं बघत होती. साहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मुली, घंटा व्हायला वेळ आहे. पुढं काय झालं?"

ती उभी राहिली. हात जोडून, अगदी रीतीनं. "साहेब, मामा आज संबलपूरलेच असन. अजून तो पुढं गेला नाही. मी कशी जाऊ?"

"पण गोष्टीत तर जाता येतं."

"नाही साहेब. मी पुढं गेली अन् तो मागं रायला, तं मंग तो कोनाच्या मागं येईन?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की सोमवारी आणि मंगळवारी ती घंटेमुळं थांबलीच नव्हती. ती मामाबरोबर थांबत होती. रोज तेवढंच, जिथवर गाडी गेली तिथवर. मी तिला एकदा हात धरून ऐकायला लावलं होतं, आता पुन्हा हात धरून कलकत्त्याला न्यायचं? मी फळ्याकडं गेले, चौकट पुसली आणि म्हटलं, "पाठ इथं संपला."

साहेबांनी वहीत लिहिलं. जाताना टेंभुर्णे गुरुजींना दाखवलं, गुरुजींनी मला दाखवलं. सुवाच्य अक्षर होतं: 'पाठ अपूर्ण. उद्दिष्ट साध्य झाले नाही. शिक्षिकेने वेळेचे नियोजन करावे.'

"म्हटलं होतं मी," गुरुजी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. रागानं रडले, दुसऱ्या कशानं नाही. एकदा वाटलं, राजीनामा लिहावा. एकदा वाटलं, साहेबांना पत्र लिहावं आणि चार खडे बोल सुनवावेत. गुरुवारी रेवंतानं केंवझर गाठलं, शुक्रवारी खरगपूर. पोरं सकाळी शाळेत आली की आधी विचारायची, "रेवंता, आज कुठवर?" मी ऐकत होते, पण मनातून ती वही जात नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा. थंडी कडाक्याची. नुकती प्रार्थना होऊन पोरं आत बसली होती, तेवढ्यात बाहेर लुना थांबल्याचा आवाज आला. बघते तर मफलर गुंडाळलेले बावनकर साहेब. साकोलीहून एवढ्या थंडीत, एकटे. टेंभुर्णे गुरुजी हजेरीपट घेऊन धावत आले.

"नाही, नाही, राहू द्या," साहेब म्हणाले. "तपासणी नाही. शाळेचं काम नाही काही." चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडं बघेनात. "बाई, तीन दिवस झाले. रात्री मधेच आठवतं. म्हटलं, जाऊन विचारावं."

"काय साहेब?"

"तो पुढं गेला का?"

मी काही बोलायच्या आत रेवंता दाराशी आली होती. तिनं साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, तुमाले मामा हाय का?"

"होते. दोन होते." साहेब गडबडले. "दोघंही वारले, बरीच वर्षं झाली."

"मंग काही भेव नाही," ती म्हणाली. "आत या. कलकत्ता आताच सुरू होनार हाय."

गुरुजी खुर्ची आणायला वळले. साहेबांनी हातानंच नको म्हटलं, दाराशी चपला काढल्या आणि भोजराजनं सरकून करून दिलेल्या जागेत, बस्करावर मांडी घालून बसले.